योंगसानच्या संग्रहालयातल्या आजोबांना

आदरणीय आजोबा,
सा. न.

आभाराचं कोरियन कार्ड तुमच्या हातात दिलंच आहे. पण ते आमच्या कोरियन भाषेच्या बाईंनी तपासून दिलेलं होतं. व्याकरण चोख, आणि मी त्यात फारशी नव्हतेच. म्हणून हे दुसरं पत्र मराठीत, चारचौघांसमोर. आमच्याकडची बरीच मुलं आता सोलला शिकायला येतात. तुम्ही काय केलंत ते त्यांनाही कळू दे.

मी आले होते वर्गातल्या सादरीकरणासाठी. एखादं ठिकाण बघायचं आणि त्यावर कोरियनमध्ये बोलायचं. राजवाडे बाकीच्यांनी आधीच पटकावले, माझ्या वाट्याला युद्धस्मारक, म्हणजे तुमचं हे संग्रहालय आलं. सामगाक्जी स्टेशनपासून चालत जाता येतं, तिकीट नाही, तासाभरात आटपेल असा माझा हिशोब. वर्गात आम्ही कॉफी मागवायला, हवापाण्याच्या गप्पा मारायला आणि घरमालकिणीची समजूत काढायला शिकलो होतो. इथल्या फलकांवर मात्र युद्धविराम, युद्धकैदी, ताटातूट झालेली कुटुंबं! पहिल्याच फलकापाशी फोनवर शब्दकोश उघडून उभी होते, तर मागून तुमची हाक आली, "हाकसेंग!" इथली वडीलधारी माणसं विद्यार्थ्यांना अशीच हाक मारतात. फोन पर्समध्ये ठेव आणि मोठ्याने वाच, म्हणालात.

मी वाचत गेले, तुम्ही उच्चार सुधारत गेलात. जो शब्द अडेल तो तुम्ही माझ्या वहीत लिहायचात, त्याखाली त्याचंच सोपं वाक्य. वाक्य कळल्याशिवाय पुढच्या फलकाकडे जाऊ द्यायचा नाहीत. २५ जून १९५० ही उत्तर आणि दक्षिण कोरियातलं युद्ध सुरू झाल्याची तारीख माझ्याकडून इतक्यांदा म्हणवून घेतलीत की शेजारून जाणाऱ्या शाळकरी मुलांनीही आमच्यात सूर मिसळला. तुमची पाळी संपल्याचं सांगायला एक बाई आल्या, तुम्ही त्यांना हातानेच परत पाठवलंत. ते मी पाहिलं होतं, आजोबा.

बाहेरच्या 'दोन भाऊ' पुतळ्यापाशी आपण सर्वांत जास्त वेळ थांबलो. दक्षिणेच्या सैन्यातला थोरला, उत्तरेच्या सैन्यातला धाकटा, रणांगणावर अचानक समोरासमोर आलेले. लोक समोरून फोटो काढून निघून जातात. तुम्ही मला बाजूने फिरवलंत. थोरल्याच्या पाठीला बंदूक आहे, धाकट्याचे हात रिकामे आहेत, आणि पायाखालच्या दगडी घुमटाला वरपासून खालपर्यंत भेग गेली आहे. "भेग आधी बघ, मग भाऊ," एवढंच म्हणालात.

तुम्ही मूळचे केसोंगचे, हे मी विचारलं म्हणून कळलं. युद्धाआधी दोन कोरियांमधली सीमा ३८व्या अक्षांशावर होती आणि केसोंग तिच्या दक्षिणेला, म्हणजे तुमच्याच बाजूला होतं. २७ जुलै १९५३ला पानमुनजोममध्ये युद्धविरामावर सह्या झाल्या आणि ते सीमेपलीकडे राहिलं. घर सोलपासून गाडीने दीड तासावर, आणि सत्तर वर्षांत एकदाही जाणं नाही. १९८३ मध्ये केबीएस वाहिनीने हरवलेल्या नातेवाइकांना शोधण्याचा कार्यक्रम दाखवला, तो १३८ दिवस चालला. तेव्हा तुम्हीही मावशीच्या नावाची पाटी गळ्यात अडकवून यॉइदोला, त्या वाहिनीच्या इमारतीपाशी गेला होतात. "गेलो, उभा राहिलो, परत आलो." यापुढे तुम्ही बोलला नाहीत आणि मीही खोदून विचारलं नाही.

व्हिएतनामला गेलेल्या कोरियन सैन्याच्या दालनातून तुम्ही भराभर चालत गेलात, तेही माझ्या लक्षात आलं. प्रत्येक देशाच्या संग्रहालयात अशी एखादी खोली असते, बहुधा.

आता भारताबद्दल. संयुक्त राष्ट्रांच्या दालनात तुम्ही मला सरळ तिरंग्यापुढे नेऊन उभं केलंत आणि विचारलंत, तुमचे डॉक्टर आले होते, माहीत आहे? मला माहीत नव्हतं. ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे पथक नोव्हेंबर १९५० मध्ये इथे आलं. त्याचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज. मार्च १९५१ मध्ये मुनसानला अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर या पथकातले काही जणही विमानातून छत्रीने उतरले. पथकातल्या काही जणांनी देगू शहरात साध्या नागरिकांवरही उपचार केले. शाळेच्या इतिहासात आम्हाला यातलं अक्षरही नव्हतं.

मग तुम्ही म्हणालात की युद्धविरामानंतर भारताचे आणखी सैनिक आले, मायदेशी परतायला नकार देणाऱ्या कैद्यांना सांभाळायला. त्यांच्या जनरलचं नाव तुम्हाला आठवत नव्हतं. ते मी रात्री खोलीवर शोधलं आणि खुर्चीतून उठलेच: मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात! आजोबा, हे आमच्या कोल्हापूरचे. मी सांगलीची, म्हणजे शेजारचीच. त्या सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू द्यायला तुमचे तेव्हाचे अध्यक्ष सिंगमन री तयार नव्हते, म्हणून त्यांना इंचॉन बंदरात जहाजांवरूनच हेलिकॉप्टरने दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेलं होतं. तिथे त्यांनी बावीस हजारांहून जास्त कैदी सांभाळले. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओलीस धरलं तेव्हा थोरात स्वतः त्या कुंपणाच्या आत गेले आणि त्याला सोडवून आणलं. अखेरीस दोन्ही कोरियांना नकार देणारे काही कैदी जहाजाने भारतातच आले.

सादरीकरण मी थोरातांवरच केलं. बाईंनी दोनदा थांबवून प्रश्न विचारले. वर्गातल्या चिनी मुलीने त्या कैद्यांत चिनी किती होते ते विचारलं, आणि चर्चा अशी रंगली की तास संपला तरी कोणी उठेना. तुम्ही वहीत लिहिलेली वाक्यं मी जशीच्या तशी वापरली, हेही सांगून टाकते.

माझे आईबाबा येत्या वसंतात येणार आहेत. बाबा निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना सगळं नीट समजावून हवं असतं आणि त्यांचे प्रश्न संपत नाहीत. सोमवारी स्मारक बंद असतं, म्हणून मंगळवारी घेऊन येते. दुभाषी मीच असेन, तेव्हा जरा सावकाश बोला.

तुमची,
सांगलीची हाकसेंग
सोल