कॅमेऱ्याचा टेबललॅम्प करू नका हो!

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत जुन्या वस्तूंनी घर कसं सजवायचं ते आलं होतं, त्यात एका रेंजफाइंडर कॅमेऱ्याला (म्हणजे वेगळ्या खिडकीतून बघून फोकस करायचा जुना रोलचा कॅमेरा) भोक पाडून टेबललॅम्प केलेला दाखवलाय. तो बघून माझा चहा गार झाला. अहो, चालू असेल तर तो?

माझ्याकडे तसलाच यशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन आहे, १९७३ला आलेलं मॉडेल. चोरबाजारातून अडीच हजाराला घेतला, दुकानदार साडेतीनवरून हलत नव्हता. घेताना रोल पुढे सरकवायचा लिव्हर ओढून कान लावला, आत 'टक्' असं वाजलं पाहिजे, नाही वाजलं तर आतला रबराचा तुकडा सडलाय समजायचं. माझा वाजला. ह्याची मूळ पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही, मग आमच्या ह्यांनी सहा व्होल्टची बारकी बॅटरी, एक स्प्रिंग आणि कागदाची सुरळी घालून जमवलं, आणि तेव्हापासून कॅमेरा स्वतःच बनवल्यासारखे सगळ्यांना सांगत असतात.

खरी मजा फोकसची. खिडकीतून बघितलं की मधे एक पिवळसर चौकोन दिसतो, त्यात सगळं डबल. सासूबाई गॅलरीत लसूण सोलत बसल्या होत्या, त्यांच्या चष्म्याच्या एकाच दांडीच्या दोन दांड्या दिसत होत्या, रिंग फिरवत गेले तशा त्या सरकत सरकत एकीवर एक बसल्या आणि मी बटण दाबलं. ह्याचं शटर, म्हणजे फोटो काढताना उघडझाप करणारा पडदा, लेन्समधेच असतं त्यामुळे आवाज जवळजवळ नाहीच, सासूबाई पाच मिनिटांनी विचारतात, "काढतेयस ना गं?" आणि काढला म्हटलं तर लगेच "बघू", म्हणून कॅमेरा उलटा करून पाठ बघतात!

आता माझी फजिती. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेला कोपिनेश्वर मंदिरापासून तलावपाळीपर्यंत लेझीम, नऊवारीतल्या बुलेटवाल्या, ढोल, सगळं टिपलं, पंधरा-सोळा फोटो असतील. घरी आल्यावर बघते तर लेन्सवर झाकण तसंच! ह्यात बघायची खिडकी वेगळी असते, लेन्समधून आपण बघतच नाही, आणि उजेड मोजणारा डोळाही वरच्या बाजूला वेगळाच, त्यामुळे उजेड कमी असला की लागते ती पिवळी लाइटसुद्धा लागली नाही. मोबाइलवर तीनशे फोटो निघाले असते, हे खरंय. पण ते मी परत कधी उघडले असते?

उरलेल्या वीसेक फ्रेम पुरवून पुरवून वापरल्या, जांभळी नाक्याच्या फुलवाल्या मावशींवर दोन आणि रात्री तलावाच्या कडेला एक, तीही कठड्यावर टेकवून. रोल धुवून आला तेव्हा सासूबाईंच्या फोटोत लसणाची एक साल हवेत आहे. ती मला काढताना दिसलीच नव्हती.

तेव्हा माळ्यावर, कपाटात असा कॅमेरा असेल तर ड्रिल लावायच्या आधी एकदा रोल घालून बघा. आणि ज्यांनी तो लॅम्प केलाय त्यांना विचाराल का, आतलं सामान टाकलं नाही ना? माझ्या कॅमेऱ्याची ती पिवळी लाइट हल्ली कधी लागते कधी नाही, तिचा बल्ब हवाय.

आपली,
एक वाचक, नौपाडा, ठाणे