पेंटर मामा, रविवारी शटर अर्धं ओढून ठेवा

पेंटर मामा,
स. न. वि. वि.

तुम्ही मजुरी घेतली नाही, म्हणून हे पत्र. गॅरेजात तोंडी आभार मानले असते तर "जाऊ द्या हो सर" म्हणून तुम्ही विषय संपवला असता.

मे महिन्यात मी ते खोकं घेऊन आलो तेव्हा जवळजवळ रडकुंडीला आलो होतो. उडत्या तबकडीचं प्लास्टिकचं जोडायचं किट, १९५० च्या दशकातल्या घाटाचं, किती वर्षांपासून हवं होतं मला! आणि त्याचा पारदर्शक घुमट मी झटपट चिकटणाऱ्या गोंदानं बसवला. त्या गोंदाची वाफ अशा प्लास्टिकवर पांढरी धरते, हे माहीत नव्हतं. सकाळी पाहतो तर मोतीबिंदू झालेला डोळा.

तुम्ही काही न बोलता पातळ पात्यानं घुमट सोडवला. दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून आतून-बाहेरून फिरवला, मग जुन्या बनियनच्या चिंधीवर रबिंगची पेस्ट घेऊन घासत बसलात. गाडीची पिवळी पडलेली हेडलाइट उजळता, तसंच. अर्ध्या तासानं त्यातून तुमचं बोट स्वच्छ दिसलं. परत बसवताना साधा फेविकॉल लावायला सांगितलंत. वाळला की दिसतही नाही.

रंगाचंही तेच. मी घाई करत होतो. किटचे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात, तिची एक काडी मोडून तुम्ही तिच्यावर गाडीचा रंग मारून दाखवला. थिनरनं काडीचं अंग सुजलं, खडबडीत झालं. तेच तबकडीवर झालं असतं तर? तुम्ही म्हणालात, "अस्तराचे धुक्यासारखे हात मारू, एक वाळला की दुसरा. अन् सकाळी सहाला या, दुपारच्या उन्हात रंग हवेतच वाळतो, पिठासारखा बसतो."

अस्तर वाळेपर्यंत मी तुम्हाला केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाची गोष्ट सांगितली. २४ जून १९४७ ला अमेरिकेत माउंट रेनियरजवळ विमानातून त्याला नऊ चकाकत्या वस्तू दिसल्या. पाण्यावर बशी भिरकावली की जशा उड्या घेते तशा त्या जात होत्या, असं तो म्हणाला. तो चालीबद्दल बोलत होता, पेपरवाल्यांनी आकारच बशीचा करून टाकला. तुम्ही एवढंच विचारलंत, "चकाकत्या होत्या ना? मग हिरवा कशाला, चांदीच मारू." आधी चकचकीत काळा, त्यावर चांदी. खोक्यावरच्या हिरव्या चित्रापेक्षा कितीतरी देखणी झाली.

पुढचं मी घरी केलं. घुमटात दिवा बसवायचा होता, म्हणून तबकडीला आतून काळा रंग दिला, नाहीतर उजेड प्लास्टिकमधून झिरपतो. तबकडी ठेवायच्या तळाला आपल्या शेतातली काळी माती चाळून फेविकॉलमध्ये कालवून थापली. वाळताना तिला उन्हाळ्यातल्या रानासारख्या भेगा पडल्या, त्या तशाच ठेवल्या. कडेला ज्वारीच्या धसकटाचे बारीक तुकडे रोवले. तबकडी परभणीच्या रानात उतरलीय, मामा.

रविवारी घेऊन येतो. शटर अर्धं ओढून ठेवा, घुमटातला दिवा अंधारात बघायचाय. चहा मी सांगतो, त्याला तरी नाही म्हणू नका.

तुमचं सकाळी सहाचं गिऱ्हाईक