शिधापत्रिकेत नाव नसलेल्या भगिनींच्या आरोग्य विम्यासाठी आवाहन

कोल्हापूर शहर व परिसरातील सर्व नागरिकांस सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजना एकत्रितपणे राबवल्या जातात व त्यांतून प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार विनामूल्य मिळतात. मग विम्यासाठी मदत कशाला मागता, असे आम्हाला वारंवार विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचे उत्तर देतो.

२०१२ मध्ये यांतली राज्याची फुले योजना राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा ती प्रामुख्याने पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकाधारकांसाठी होती. केशरी पत्रिकेची उत्पन्नमर्यादा वार्षिक १ लाख रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ८,३०० रुपये. फाउंड्रीतल्या साध्या हेल्परचा पगारसुद्धा ही मर्यादा ओलांडतो. २०२३ मध्ये शासनाने योजनेची व्याप्ती वाढवून पांढऱ्या पत्रिकाधारकांनाही तिचा लाभ देण्याचे ठरवले आणि उत्पन्नाची अट कागदोपत्री मागे पडली. मात्र हक्क कुटुंबाचा आहे आणि कुटुंबाचा मुख्य पुरावा शिधापत्रिका आहे. त्या पत्रिकेत जिचे नाव नाही, ती बाई कितीही गरीब असली तरी रुग्णालयातील आरोग्यमित्रासमोर, म्हणजे योजनेची कागदपत्रे तपासणाऱ्या कर्मचाऱ्यासमोर, तिला आपला हक्क सिद्ध करणे अवघड जाते.

अशा भगिनी आपल्या आसपास पुष्कळ आहेत. लग्नानंतर माहेरच्या पत्रिकेतून नाव कमी झाले, पण सासरच्या पत्रिकेत ते चढवण्याची गरज कुणाला वाटली नाही. नवऱ्याने टाकले आणि पत्रिका मात्र त्याच्याच ताब्यात राहिली. आधार कार्डावर माहेरचे आडनाव आणि पत्रिकेवर सासरचे, त्यामुळे ई-केवायसी, म्हणजे आधारवरून होणारी ऑनलाइन ओळख-पडताळणी, अडले. यांतले एकेक काम तसे किरकोळ आहे. परंतु नाव कमी केल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्र, आधारमधील दुरुस्ती आणि पुरवठा कार्यालय यांच्या फेऱ्यांत रोजावर काम करणाऱ्या बाईचे काही दिवस सहज जातात, आणि तेवढा रोज बुडवणे तिला परवडत नाही. उत्पन्नाची अट गेली असे आम्ही वर म्हटले खरे, पण ती अशा रीतीने मागच्या दाराने परत येते.

नोकरीतून मिळणाऱ्या संरक्षणाचीही हीच गत आहे. कर्मचारी राज्य विमा योजना महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांना लागू होते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींतील कामगारांच्या पत्नींना तिचा लाभ मिळतो तो नवऱ्यामुळे, आणि त्याचे काम सुटले की काही काळाने तिचाही आधार सुटतो. हुपरीत घरी बसून पैंजण जुळवणाऱ्या, इचलकरंजीत कांड्या भरणाऱ्या किंवा कोल्हापुरी चपलेच्या वेण्या घालणाऱ्या बाईला नगावर मजुरी मिळते, तिचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ३० टक्के स्त्रियांना आणि ३३ टक्के पुरुषांना आरोग्य विम्याचे संरक्षण असल्याचे दिसले. हा फरक लहान वाटेल. पण त्या ३० टक्क्यांतले संरक्षण किती जणींच्या स्वतःच्या नावावर उभे आहे आणि किती जणींच्या बाबतीत ते दुसऱ्याच्या नोकरीवर वा पत्रिकेवर टेकलेले आहे, हे त्या आकड्यावरून समजत नाही.

खाजगी पॉलिसीचा मार्गही मोकळा नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला, ही चांगलीच गोष्ट झाली. तरीही जिची कमाई आठवड्याच्या बाजाराला येते आणि बाजारातच संपते, तिच्याकडे वर्षाचा हप्ता एकरकमी कुठून येणार? शिवाय शासकीय योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या वा थायरॉईडच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च तिच्यात बसत नाही, आणि घरात पैसा कमी पडला की आधी बाईच्याच गोळ्या थांबतात.

म्हणून आमच्या महिला मंडळाने बचत गटांच्या मदतीने अशा भगिनींची कागदपत्रे पूर्ण करून देण्याचे काम हाती घेतले असून त्यासाठी एक निधी उभारत आहोत. कागदपत्रांचा खर्च, कार्यालयात जावे लागल्याने बुडालेला रोज आणि नाव चढेपर्यंतच्या काळातील औषधे व तपासण्या, एवढ्यासाठीच तो वापरला जाईल. पैशांइतकीच माणसांचीही गरज आहे. महसूल वा पुरवठा खात्यातून निवृत्त झालेल्या मंडळींनी अर्ज तपासून दिले, वकील मंडळींनी प्रतिज्ञापत्रे विनामूल्य करून दिली आणि महाविद्यालयीन मुलामुलींनी ऑनलाइन अर्ज भरायला रविवारची सकाळ दिली, तर निधीतला बराच पैसा औषधांसाठी वाचेल. कारखानदार बंधूंना विनंती, की आपल्याकडील कंत्राटी आणि घरून काम करणाऱ्या स्त्रियांची यादी त्यांच्या संमतीने मंडळाकडे द्यावी.

देणगी धनादेशाने किंवा रोख स्वरूपात मंडळाच्या कार्यालयात स्वीकारली जाईल व प्रत्येक रकमेची पावती दिली जाईल. दर तिमाहीचा हिशेब कार्यालयाच्या फलकावर लावला जाईल. लाभार्थी भगिनींची नावे मात्र देणगीदारांनाही सांगितली जाणार नाहीत. आपल्या माहितीत अशी कुणी भगिनी असल्यास तिला तिचे आधार कार्ड आणि माहेरच्या वा सासरच्या शिधापत्रिकेची छायाप्रत घेऊन पाठवावे. छायाप्रत मिळत नसेल तर तशीच पाठवावी. योजनेची माहिती १५५३८८ या शासकीय क्रमांकावरही मिळते.

आपले नम्र,
कार्यकारिणी सदस्य, महिला मंडळ, कोल्हापूर