पीकर यांची खर्डेघाशी वाया गेली नाही

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत प्रौढ वाचकांसाठीच्या चित्रकथांवर सुरू असलेली लेखमाला मी आवर्जून वाचतो. एरवी कॉमिक्सचा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा मुलांच्या उन्हाळी सुट्टीपाशी सुरू होते आणि आकाशात उडणाऱ्या नायकांपाशी संपते. त्यापलीकडे जाऊन अमेरिकेतील क्लीव्हलँड शहराचे कॉमिक्सलेखक हार्वी पीकर यांच्यावर एक अख्खा भाग दिल्याबद्दल लेखकाचे आणि आपले आभार मानले पाहिजेत. तथापि त्या लेखातील एका विधानाविषयी लिहिणे मला अगत्याचे वाटते. पीकर यांची उमेदीची साडेतीन दशके रुग्णालयातील खर्डेघाशीत वाया गेली, आणि तो वेळ लेखनासाठी मिळाला असता तर त्यांच्या हातून कितीतरी मोठे काम झाले असते, अशा आशयाचे ते विधान आहे. ते कळवळ्यापोटी केलेले आहे हे उघड आहे. पण पीकर यांचे जेवढे लेखन मला वाचायला मिळाले त्यावरून माझे मत नेमके उलट झाले आहे. ती नोकरी नसती तर ते लेखनही झाले नसते.

पीकर यांचा जन्म १९३९ सालचा. पोलंडमधील ब्यालिस्टॉक येथून आलेल्या ज्यू आईवडिलांचे क्लीव्हलँडमध्ये किराणा मालाचे दुकान होते. कॉलेज वर्षभरात सुटले, नौदलातही फार काळ निभाव लागला नाही, आणि अनेक किरकोळ कामे करून झाल्यावर १९६५ च्या सुमारास ते माजी सैनिकांसाठीच्या सरकारी रुग्णालयात फाइल क्लार्क म्हणून चिकटले. त्या नोकरीतून ते निवृत्त झाले २००१ साली. मधल्या काळात त्यांच्या पुस्तकाला १९८७ चा अमेरिकन बुक अवॉर्ड मिळाला, दूरचित्रवाणीवर त्यांचा चेहरा देशभर पोहोचला, तरी सकाळी उठून कामावर जाण्याचा क्रम मोडला नाही. चालून आलेली बढतीही त्यांनी घेतली नाही. आपल्या लेखकाने या नकाराचा उल्लेख विक्षिप्तपणाचे उदाहरण म्हणून केला आहे. मला त्यात चांगलाच हिशेबीपणा दिसतो.

मी स्वतः एका सरकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नोकरी केली असल्यामुळे हे थोडे अधिकाराने सांगू शकतो. रेकॉर्डच्या कामात हात गुंतलेले असतात, पण कान मोकळे असतात. गठ्ठा सोडायचा, हवी ती संचिका काढायची, तिच्या जागी चिठ्ठी घालायची, पुन्हा फडके बांधून तो मांडणीवर सरकवायचा. एवढे करताना शेजारी उभा असलेला शिपाई त्याच्या मेव्हण्याच्या जमिनीचा तंटा सांगत असतो आणि तो अक्षरशः जसाच्या तसा ध्यानात राहतो. त्याच माणसाला बढती मिळून टेबलामागची खुर्ची मिळाली की लोक त्याच्यासमोर मोजून मापून बोलू लागतात आणि कामाची टोचणी त्याच्यासोबत घरी येते. पीकर रुग्णांच्या फायली घेऊन रुग्णालयभर फिरत. जुन्या युद्धांतून परतलेले सैनिक, सफाई कामगार, परिचारिका, मिस्टर बोट्स नावाचे अनुभवी वयस्कर सहकारी, आणि स्वतःला अभिमानाने ‘अस्सल नर्ड’ म्हणवणारे टोबी रॅडलॉफ हे सारे त्यांना त्या फेऱ्यांत भेटले आणि तेथूनच त्यांच्या पानांवर आले. लिफ्टपाशी कानावर पडलेला दोन वाक्यांचा संवाद ही त्यांची एका पानाची कथा होऊ शकत असे. पगार घेऊन असा कच्चा माल पुरवणारे दुसरे ठिकाण त्यांना कोठे मिळाले असते?

पीकर यांना चित्र काढता येत नसे, हे आपल्या लेखात आले आहे. मात्र मग ते नेमके काय करीत, हे आलेले नाही. ते कागदावर चौकटी आखत, प्रत्येक चौकटीत काड्यांची माणसे उभी करीत, त्यांच्या डोक्यावर संवाद लिहीत आणि बाजूला चित्रकारासाठी सूचना देत. कोणती चौकट बिनसंवादाची ठेवायची, कोणत्या वाक्याआधी पात्राने क्षणभर नुसतेच समोर पाहायचे, हे सारे त्या कच्च्या आराखड्यात ठरलेले असे. लेखकाचे काम येथेच होते. उदाहरणादाखल, कॉमिक्स-चित्रकार रॉबर्ट क्रम्ब यांनी चितारलेली त्यांची नावाविषयीची चार पानांची कथा पाहावी. तीत एक माणूस प्रत्येक चौकटीत वाचकाकडे तोंड करून उभा आहे आणि बोलतो आहे. बाकी काहीही घडत नाही. आपले नाव विचित्र असल्याने लहानपणी झालेली थट्टा तो सांगतो, मग टेलिफोनच्या डिरेक्टरीत आपल्याच नावाचा दुसरा माणूस सापडल्याचे, पुढे आणखी एक सापडल्याचे, आणि नंतर त्या दोघांच्या मृत्यूची बातमी वाचून आपल्याला का वाईट वाटले असावे हे त्याला उलगडत नसल्याचे. ज्यांना कधी पाहिले नाही त्यांच्यासाठीची ही हुरहूर त्या जवळजवळ एकसारख्या चेहऱ्यांमुळेच वाढत जाते. फायलींवरची नावे दिवसभर वाचणाऱ्या माणसाला हा विषय सुचावा, हा मला योगायोग वाटत नाही. आपल्या पुरवणीत छापलेल्या चित्राखाली मात्र एकट्या चित्रकाराचे नाव होते, ही गोष्ट जाता जाता निदर्शनास आणून देतो.

आता त्यांच्या आवडीनिवडींविषयी, कारण त्यांचा संबंधही अखेर पगाराशीच येतो. पीकर यांचा पहिला नाद जॅझ संगीताचा. विशीत असतानाच ते जॅझची परीक्षणे लिहू लागले आणि पुढे ‘डाउन बीट’सारख्या नियतकालिकातून लिहीत राहिले, म्हणजे कॉमिक्सलेखक होण्यापूर्वी ते समीक्षक होते. त्याहून मोठा नाद ध्वनिमुद्रिका जमवण्याचा होता. शेल्फवरून उतू जाणाऱ्या तबकड्या आणि त्यांपायी रिकामा होणारा खिसा हे त्यांच्या घरातले नित्याचे दृश्य होते. १९६२ साली ग्रीटिंग कार्डांच्या कंपनीतील नोकरीच्या निमित्ताने क्रम्ब क्लीव्हलँडला आले. तेही जुन्या तबकड्यांचे वेडे असल्यामुळे दोघांची मैत्री जमली. क्रम्ब यांची कॉमिक्स पाहूनच पीकर यांच्या मनात आले, की शब्द आणि चित्रे हाताशी असताना फक्त राक्षस आणि महामानव यांच्याच गोष्टी का सांगायच्या? कादंबरीत सामान्य माणसाचे जिणे येते, तर येथे का येऊ नये? वास्तववादी कादंबऱ्यांचे ते हावरे वाचक होते. वाङ्मयावर तावातावाने बोलणारा कारकून ही त्यांच्या सहकाऱ्यांच्या सवयीची बाब झाली होती. हा विचार कागदावर उतरायला दहा वर्षे गेली. १९७२ साली त्यांनी काड्यांच्या माणसांची पाने क्रम्ब यांच्यापुढे ठेवली आणि क्रम्ब यांनी ती आपण होऊन चितारायला घेतली.

‘अमेरिकन स्प्लेंडर’ या त्यांच्या स्वतःच्या आयुष्यावरील कॉमिक्स-मालिकेचा पहिला अंक निघाला १९७६ साली, आणि तो पीकर यांनी पदरमोड करून काढला. प्रकाशक स्वतः, वितरणाची यातायात स्वतःची, खपले नाहीत ते गठ्ठेही स्वतःकडेच. साधारण वर्षाला एक अंक, हा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे चालवला आणि त्यात तोटा सोसला. तबकड्या विकत घेणे थांबवून वाचलेल्या पैशांत अंक कसा काढला, याचीही त्यांनी एक कथा केली आहे. एक व्यसन सोडून दुसरे लावून घेण्याचा हा प्रकार कोणत्याही छांदिष्ट माणसाला चटकन कळेल. परंतु या दोन्ही व्यसनांचा खर्च भागत होता तो सरकारी पगारातून. चित्रकारांना मोबदला द्यायचा आणि छापखान्याचे बिल भागवायचे, हे एकट्या लेखनावर जगणाऱ्याला झेपले नसते. त्याला प्रकाशकाचे दार ठोठवावे लागले असते आणि प्रकाशकाने साहजिकच विचारले असते, की सुपरमार्केटच्या रांगेत घासाघीस करणाऱ्या म्हातारीच्या मागे उभे राहण्याची गोष्ट विकत कोण घेणार? पीकर यांना कोणाला विचारावे लागले नाही, म्हणून ती गोष्ट आज आपल्यापुढे आहे.

तीच गोष्ट दूरचित्रवाणीची. १९८६ ते १९८८ या काळात डेव्हिड लेटरमन यांच्या रात्रीच्या कार्यक्रमात पीकर अनेकदा पाहुणे म्हणून गेले. विस्कटलेला, चिडखोर, हजरजबाबी क्लीव्हलँडकर अशी त्यांची गंमत प्रेक्षकांना दाखवावी, एवढाच त्या मंडळींचा हेतू होता, आणि पीकर यांना ते पुरते ठाऊक होते. वाहिनीचे कर्मचारी संपावर असताना ते संपाला पाठिंबा देणारा टी-शर्ट घालून त्याच वाहिनीच्या पडद्यावर बसले. पुढे वाहिनीची मालक असलेल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या व्यवहारांवर त्यांनी तेथेच तोंडसुख घ्यायला सुरुवात केली. १९८८ साली प्रकरण विकोपाला गेले आणि आमंत्रणे थांबली. काही वर्षांनी ते पुन्हा त्या यजमानासमोर बसले, हा भाग वेगळा. देशभर प्रसिद्धी मिळवून देणाऱ्या माणसाशी इतक्या बेदरकारपणे भांडणे ज्याला परवडते, तो कोणाचा मिंधा नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी फायली लावायला जायचेच आहे, हे ठाऊक असलेल्या माणसाला प्रसिद्धीची भीड कशाला वाटेल?

आजारपणाचा मुद्दा मी थोडक्यात आटोपतो. १९९० साली पीकर यांना लिम्फोमा, म्हणजे लसिकासंस्थेचा कर्करोग, असल्याचे निदान झाले. अमेरिकेत आरोग्य विमा बहुधा नोकरीशी बांधलेला असतो, हे तेथे मुले असलेल्या आपल्या वाचकांना सांगायला नको. त्या वर्षावर पीकर आणि त्यांच्या पत्नी जॉयस ब्रॅबनर यांनी मिळून लिहिलेले आणि फ्रँक स्टॅक यांनी चितारलेले पुस्तक १९९४ साली आले. केमोथेरपीने गलितगात्र झालेला, रडणारा, बायकोवर खेकसणारा नायक त्यात आहे. आणि त्याची शुश्रूषा करताना जिचा संयम सुटतो ती बायकोही तितक्याच स्पष्टपणे आहे. नवऱ्याचे आजारपण दोघांनी मिळून, एकमेकांना न वाचवता लिहावे, असे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही.

आपल्या लेखकाने ज्याची कल्पना केली, म्हणजे पीकर यांना लेखनासाठी मोकळा वेळ मिळाला असता तर काय झाले असते, तो प्रयोग प्रत्यक्षात झालेला आहे. २००१ मध्ये ते निवृत्त झाले. २००३ मध्ये त्यांच्या आयुष्यावरील चित्रपटाला सनडान्स महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले. पॉल जियामॅटी यांनी त्यांची भूमिका केली आणि ते स्वतःही पडद्यावर दिसले. त्यानंतर मोठे प्रकाशक मागे लागले आणि २०१० साली निधन होईपर्यंत पीकर यांनी भराभर पुस्तके लिहिली. बालपण आणि तारुण्यावरचे २००५ चे आत्मकथन त्यांत उत्तम आहे, यात वाद नाही. परंतु बाकीची बरीचशी पुस्तके इतरांच्या जीवनाविषयी आहेत : साठच्या दशकातील विद्यार्थी चळवळीचा इतिहास, ‘बीट’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या बंडखोर अमेरिकन पिढीचे कवी, मॅसिडोनियाला गेलेली एक अभ्यासक. ती माहितीपूर्ण आहेत आणि नेटकीही आहेत. पण त्यांतला निवेदक वर्गात उभा राहून शिकवतो आहे असे मला सतत वाटत राहिले. लिफ्टपाशी थांबलेला, कान टवकारलेला माणूस त्या पानांवर क्वचित भेटतो. पुस्तकांची संख्या वाढली हे आपल्या लेखकाचे म्हणणे खरे ठरले. दर्जाविषयीचे त्यांचे अनुमान मात्र मला पटत नाही.

मराठी वाचकाला खरे तर हे नवल वाटू नये. चिमणरावांचे जनक चि. वि. जोशी बडोद्याला पाली शिकवत आणि पुढे संस्थानाचे दफ्तर सांभाळत; त्या दफ्तराने त्यांचा विनोद सुकवला असे आजवर कोणी म्हटलेले नाही. नोकरी करणाऱ्या लेखकाची कीव करण्याची पद्धत आपल्या वृत्तपत्रांत अलीकडची दिसते, आणि राजीनामा देऊन ‘पॅशन’च्या मागे लागलेल्यांच्या यशोगाथा छापून छापून ती रूढ झाली असावी, अशी मला शंका आहे. नोकरी सोडून ज्यांचे फसले त्यांच्या मुलाखती कोणी घेत नाही.

या लेखमालेचे आणखी भाग येणार असल्याचे पुरवणीत जाहीर झाले आहे. त्यांपैकी एखाद्या भागात पीकर यांच्या काड्यांच्या माणसांचे एखादे कच्चे पान आणि त्याच पानाचे चित्रकाराने केलेले अंतिम रूप शेजारी शेजारी छापता आले, तर कॉमिक्सचा लेखक म्हणजे नेमके काय काम करणारा माणूस, हे वाचकांना लेखाहून लवकर कळेल. परवानगीअभावी ते शक्य नसल्यास निदान यापुढे प्रत्येक चित्राखाली चित्रकाराच्या जोडीने लेखकाचेही नाव द्यावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक,
सातारा