दुसऱ्या एसचा गुन्हा

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतील इंग्रजी व्याकरणाचे सदर वाचले. नावाच्या शेवटी एस असेल तर मालकी दाखवताना नुसता अपॉस्ट्रॉफी (अक्षराच्या डोक्याशी येणारे स्वल्पविरामासारखे चिन्ह) द्यावा, पुढे आणखी एक एस लावणे ही 'ढोबळ चूक', असा निकाल आपल्या लेखकमहाशयांनी देऊन टाकला आहे. सदर एरवी माहितीपूर्ण असते, वाद नाही. पण ढोबळ? कुणाच्या दरबारात ठरले हे?

2006 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅन्सस राज्याच्या फाशीच्या कायद्यावर निकाल दिला. बहुमताच्या बाजूने लिहिणाऱ्या न्यायमूर्ती थॉमस यांनी 'कॅन्सस'पुढे केवळ अपॉस्ट्रॉफी दिला. विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती सूटर यांनी एससुद्धा लावला. एकाच निकालपत्रात दोन्ही सुखाने नांदतात. 2024 मध्ये कमला हॅरिस निवडणुकीला उभ्या राहिल्या तेव्हा असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था एक रूप लिहीत होती, न्यूयॉर्क टाइम्स दुसरे. यांतले ढोबळ कोण ते पुढच्या भागात छापावे, म्हणजे त्यांना कळवता येईल.

माझा राग जुना आहे, हेही सांगतो. नोकरीत असताना थॉमस नावाच्या अर्जदाराबद्दल मी एक पत्र टाइप केले होते. त्यात दुसरा एस होता, कारण बोलताना आपण 'थॉमसिझ' म्हणतो आणि जे बोलतो तेच मी लिहिले. साहेबांनी त्या एसभोवती लाल शाईने गोल काढला, समासात 'व्याकरण शिका' असा शेरा मारला आणि कागद परत. कार्बन प्रतींवर खोडाखोड चालत नाही, फराटा उमटतो. त्यामुळे मूळ प्रत आणि खालच्या सगळ्या प्रती नव्याने. वर गंमत अशी की त्याच फायलीत साहेबांच्या स्वतःच्या टिपणात मालकी दाखवणारा 'इट्स' होता, आणि त्याच्या डोक्यावर टपोरा अपॉस्ट्रॉफी! त्याला गोल कोण काढणार?

आणि नेमका हाच 'इट्स' कालच्या लेखात नाही. लोक चुकतात ते तिथे. हर्स, युअर्स, देअर्स यांना अपॉस्ट्रॉफी लागत नाही, तसा मालकीच्या इट्सलाही नाही. 'इट इज' किंवा 'इट हॅज' आखडले तरच तो येतो. बॉइज, गर्ल्स यांच्यापुढे नुसता अपॉस्ट्रॉफी, पण चिल्ड्रन, विमेन यांना एससकट, हेही दोन ओळींत मावले असते. ती जागा छडी घेतलेल्या मास्तरांच्या चित्राने खाल्ली.

लेखातल्या 'निर्जीव वस्तूंना हे रूप कधीच लागत नाही' या वाक्यावर तर काय बोलावे! 'टुडेज न्यूजपेपर' असे सारे जग म्हणते. निदान वर्तमानपत्रात तरी हे ठाऊक असावे, की 'टुडे' परवापासून सजीव झाला?

जाता जाता, या सदराला जागा करून देताना आपण शब्दकोडे इतके बारीक केले आहे की चौकटीत जोडाक्षर बसत नाही. ते पूर्ववत करावे. आणि हे पत्र छापणार असाल तर अख्खे छापा. मागच्या वेळी माझी तक्रार कापून फक्त वरची स्तुती छापली होती.

आपला,
एक निवृत्त टंकलेखक