पायाला पट्टी अन् डीजेवर ठेका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक फोटो आला होता. वरातीत डीजेसमोर घोडा मागच्या दोन पायांवर उभा, अन् खाली ओळ 'घोड्यानेही धरला ठेका'. आमच्या गावात पोरांनी तो व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसभर फिरवला. मीही पाहिला, पण माझी नजर त्याच्या पुढच्या उजव्या पायावरच अडकली. गुडघ्याखाली क्रेपची पट्टी गुंडाळलेली अन् वरून गोंडे बांधून झाकलेली. सजावटीची पट्टी असली की चारही पायांना असते साहेब, एकाच पायाला नसते. ज्याच्या दारात घोडं आहे त्याला हे सांगावं लागत नाही, म्हणून पेपरवाल्यांना सांगतो.

माझी घोडी चांदणी, नुकरी म्हणजे पांढरी, अकरा वर्षांची, लग्नाच्या सीझनवरच आमचं अर्धं घर चालतं. यंदा अक्षय तृतीयेच्या एका वरातीत नालीवरचा ढापा तुटलेला होता, वरून अंधार, समोर डीजेचे लाईट, तिचा डावा पुढचा पाय त्यात गेला अन् तिनं तो झटक्यानं ओढून काढला. रक्त नाही, जखम नाही, जराशी लंगडली तेवढंच. नवरदेव मंडपापर्यंत गेला, मीही गप राहिलो, खोटं कशाला बोलू. सकाळी पाहतो तर गुडघ्याच्या खाली नळीच्या, म्हणजे तिथल्या लांब हाडाच्या, मागून केळं बांधल्यासारखी फुगी, हात लावला तर गरम तवा, अन् पाय पुढं टाकून नुसतं खुराचं टोक टेकवून उभी. घोडं मागचा एखादा पाय ढिला सोडून उभं राहतं, ते त्याचं आरामाचं उभं राहणं आहे, पण पुढचा पाय असा पुढं टाकून उभं राहिलं की दुखणं समजायचं.

मग सल्ले सुरू झाले. आमचे मोठे काका म्हणे, "अबे डाग दे ना चांगला, दोन दिवसात पाय टेकते का नाही पाह्य." हळद-चुना, रॉकेल, कोणी तर बॅटरीचं पाणी लावायला सांगितलं. तापलेल्या सळईनं डागलं की जनावर त्या भाजण्याच्या दुखण्यापायी पाय हलवत नाही अन् आपल्याला वाटतं डागानं गुण आला. मेडिकलमधून एक जण माणसाचं दुखण्यावरचं डायक्लोफिनॅक घेऊन आला, त्याला परत पाठवलं. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ पासून बंदी आहे, ते दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं त्याच्यानंच मेली. जनावरांच्या डॉक्टरांनी दुखण्यावर मेलोक्सिकॅम दिलं तेही मोजके दिवस, म्हणे दुखणं पुरं मारलं तर ही नाचायला लागेल अन् उरलेलंही तोडून घेईल.

पहिले तीन दिवस थंड पाण्याचे. दिवसातून चार वेळा पंधरा-वीस मिनिटं पायावर धार. लिहायला सोपं आहे, पण एप्रिलमध्ये आमच्या टाकीतलं पाणी चहा करायच्या लायकीचं असतं अन् त्या आठवड्यात शेतातली लाईन रात्रीची होती. म्हणजे मी अन् माझा पोरगा रात्री दोन वाजता विहिरीवर मोटर सुरू करून घोडीच्या पायावर पाईप धरून उभे. दिवसा गोळेवाल्याकडून बर्फ आणून बारदान्यात गुंडाळून बांधायचो.

पट्टीचं तर वेगळंच शास्त्र. घरात कापूस पडलेला पण पायाला बांधायला मेडिकलमधून कापसाचे रोल विकत आणले, बायको म्हणे वा रे कास्तकार. खाली जाड सारखा कापूस, त्याच्यावर पट्टी, कुठं सुरकुती नाही, कुठं जास्त ताण नाही, कारण घट्ट पट्टीनं चांगली नससुद्धा (रक्ताची नाही, नळीमागचा स्नायू हाडाला बांधणारा दोर) खराब होते. अन् पट्टी दोन्ही पुढच्या पायांना, कारण सगळा भार चांगल्या पायावर येतो अन् त्याच्या खुराच्या आत सूज येऊन तो बसला तर घोडं हातचं गेलं. हे मला आधी माहीत नव्हतं. डॉक्टर रोज आधी चांगल्या पायाचं खूर हातानं पाहायचे, गरम आहे का म्हणून, मग दुखरा पाय.

आता आरामाचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त चूक इथंच होते. आपल्याकडं आराम म्हणजे आखूड दोरानं खुंट्याला बांधून टाकणं. ते बांधणं आहे, आराम नाही. मी ट्रॅक्टरचं शेड रिकामं केलं, बारा बाय बाराची जागा, खाली मुरूम त्याच्यावर आरा मशीनचा लाकडाचा भुसा, अन् आत मोकळी सोडली. मान खाली घालता यावी, बसता यावं, पण पळता येऊ नये. रोज ओला भुसा काढायचा, नाही तर मुताच्या वासानं छाती भरते अन् खूर सडते. चणा-जव बंद केला. काम नाही अन् दाणा सुरू असला की अंगात मस्ती येते अन् कोंडलेलं घोडं उड्या मारून पायाचं वाटोळं करून घेते. वजनाच्या दीड-दोन टक्के वाळलं गवत, थोडा भिजवलेला कोंडा, मिठाचा खडा, अन् पाणी बादल्या मोजून.

अन् लीद मोजायची. हो, मोजायची. घोडं दिवसात आठ-दहा वेळा लीद टाकतं. मे महिन्यात एका दिवशी संध्याकाळपर्यंत तीनच झाल्या, त्याही गोट्यासारख्या कडक. रात्री ती पोटाकडं वळून पाहायला लागली, पायानं भुसा उकरायला लागली, वरचा ओठ वर चढवलेला. पाय राहिला बाजूला, पोट धरलं. चालणं बंद, कोरडं गवत, उन्हात पाणी कमी पिलं, मळ अडकला. घोड्याला उलटी होत नाही, वरून काही निघायची सोय नाही. तालुक्याचा दवाखाना रात्री बंद, दोन फोन कोणी उचलले नाहीत, तिसऱ्याला शेजारच्या तालुक्यातले एक डॉक्टर मोटरसायकलवर आले, नाकातून नळी घालून मळ ढिला करायला पॅराफिनचं तेल सोडलं. पहाटे चार वाजता तिनं लीद टाकली तेव्हा मी अन् पोरगा ती बॅटरी मारून पाहत होतो, एवढा आनंद सोयाबीनला भाव मिळाला तरी होणार नाही. त्या दिवसापासून गवत ओलं करून देतो.

एकटं घोडं वेडं होतं हेही कळलं. जूनमध्ये दारात उभी राहून हत्तीसारखी डोलायला लागली, मग दाराची फळी कुरतडायला लागली. शेजारची एक म्हातारी बकरी आणून आत ठेवली, दोन दिवसात डोलणं कमी झालं. आता बकरी चरायला नेली की घोडी बोंबलते.

खरी परीक्षा तर त्याच्या आधीच झाली होती. तिसऱ्या आठवड्यात लंगडणं गेलं. फुगी उतरली, पाय टाकते मस्त, अन् बँडवाल्याचा फोन, "भाऊ, नाचवू नका, नुसती उभी करा अर्धा तास, चार हजार देतो." मन डगमगलं, सीझन ऐन भरात होता. त्याच्या आदल्याच आठवड्यात पिकअपमध्ये घालून तिला नागपूरला नेऊन पायाची सोनोग्राफी केली होती, तिथल्या डॉक्टरांनी स्क्रीनवर त्या नसेच्या मधोमध एक काळा डाग दाखवला होता. म्हणे ही नस म्हणजे दोर समजा, वरून पूर्ण दिसतो पण आतले पीळ तुटलेले आहेत. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस नसतंच, नुसते असे दोर, रक्त तिथं कमी पोचतं म्हणून भरायला वेळ लागतो. अन् भरतं ते जुन्यासारखं लवचिक नसतं, म्हणून घाई केली की तिथंच किंवा त्याच्या बाजूला परत तुटतं. लंगडणं तीन आठवड्यात गेलं तरी दोर भरायला नऊ महिने ते वर्ष. तो काळा डाग डोळ्यासमोर होता म्हणून फोनवर नाही म्हणू शकलो, नाही तर सांगता येत नाही.

तेव्हापासून हातात दोर धरून चालवतो. सुरुवातीला पाच मिनिटं दोन वेळा, कडक सरळ वाटेवर, चिखल नाही, वळसे नाही. दर पंधरवड्याला पाच मिनिटं वाढवायची, अन् वाढवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी नळीवर हात फिरवून पाहायचं, गरम लागली की परत मागं. दुसऱ्या सोनोग्राफीत डाग बारीक झालेला दिसला. आता तिसरी आहे, त्यानंतर दुडकी चाल सुरू करायची की नाही ते ठरेल.

साहेब, २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे-तट्टू होते, २०१९ मध्ये साडेतीन लाखाच्याही आत. आमच्या तालुक्यात तर बोटावर मोजण्याइतकी. त्यामुळं घोड्याची सोनोग्राफी जिल्ह्याच्या ठिकाणी तरी व्हावी ही मागणी कोणी करत नाही, मी करून पाहतो. बैलाचा पाय पाहणारे डॉक्टर आहेत अन् ते जीव तोडून पाहतात, पण मशीन नाही तर ते तरी काय करतील. अन् तुम्हाला एकच विनंती, पुन्हा असा फोटो आला तर छापायच्या आधी पाय पाहा, अन् तो घोडेवाला कुठला ते कळलं तर त्याला माझा नंबर द्या. त्याला शिव्या नाही घालणार, मीही त्या रात्री नवरदेवाला मंडपापर्यंत नेलंच होतं. पट्टी कशी बांधायची तेवढं सांगीन.

तुळशीच्या लग्नानंतर फोन परत सुरू झाले. सगळ्यांना पुढच्या अक्षय तृतीयेनंतरचं सांगतो. एक जण म्हणाला मग दुसरा घोडा पाहतो. पाहू दे.

आपला,
एक घोडेवाला वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ