बाईंचा आवाज आमच्याकडून घ्या : माहिती व प्रसारण मंत्र्यांना बेळगावहून खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
सविनय नमस्कार.

या पावसाळ्यात आमच्या बेळगावातल्या बाई गेल्या. महाराष्ट्रातल्या एका आकाशवाणी केंद्रावरून त्यांनी वर्षानुवर्षे मराठी प्रादेशिक बातम्या दिल्या. नंतर माहेरी, बेळगावच्या शहापुरात परत येऊन इथल्या एका मराठी दैनिकात दर रविवारी सदर लिहिले. घरच्यांच्या इच्छेनुसार त्यांचे नाव या जाहीर पत्रात देत नाही. आपल्या कार्यालयाला पाठवलेल्या प्रतीत ते आहे. इथे कुणाला नावाची गरजही पडणार नाही. ‘रेडिओच्या बाई’ म्हटले की खडेबाजारापासून कडोलीपर्यंत माणसे ओळखतात.

अंत्यदर्शनाला वडगावचे विणकर आले होते, उचगावची भाजीवाली आली होती, निपाणीहून एक निवृत्त मास्तर एसटीने आले होते. यातल्या बहुतेकांनी बाईंना आयुष्यात एकदाही पाहिलेले नव्हते. ते आवाजाला शेवटचा नमस्कार करायला आले होते. आणि तिथेच कुणीतरी विचारले, “बाईंचा आवाज कुठे ऐकायला मिळेल का हो?” कुणाकडेच उत्तर नव्हते. म्हणून हे पत्र.

इथे रेडिओ कसा ऐकला जायचा ते आधी सांगतो, म्हणजे मागणी का करतो आहे ते कळेल. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव, खानापूर, निपाणीचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या वादाचे काय व्हायचे ते होईल, २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे आणि हे पत्र त्यासाठी नाही. पण रोजच्या जगण्यात त्याचा अर्थ असा झाला, की सातबाऱ्यापासून बसच्या पाटीपर्यंत सरकार आमच्याशी आमच्या भाषेत बोलेनासे झाले. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक असतील तिथे सूचना आणि परिपत्रके त्यांच्याही भाषेत द्यावीत, हे केंद्रानेच मान्य केलेले तत्त्व आहे. त्याची अंमलबजावणी आपल्या खात्याकडे नाही, त्यामुळे ते इथे ताणत नाही. आपल्या खात्याचे तेवढेच सांगतो. सकाळच्या प्रादेशिक बातम्यांची दहा मिनिटे भारत सरकार आमच्याशी मराठीत बोलत असे. नीट, स्वच्छ, आदराने बोलत असे.

१९६३ साली सांगलीचे केंद्र सुरू झाले आणि आमच्या घरांना हक्काचे मराठी स्टेशन मिळाले. मीडियम वेव्हवर १२५१ किलोहर्ट्झ. धारवाडचे केंद्र १९५० पासूनचे, ते ७६५ वर खणखणीत लागायचे. सांगली मात्र शोधावे लागे. काटा जरा इकडेतिकडे झाला की खरखर. आमच्या गल्लीत एका घरी रेडिओच्या काचेवर कुंकवाची बारीक रेघ ओढलेली होती. सांगली तिथे लागते, पोरांनी तेवढ्यावर काटा आणायचा. पाच मिनिटे कमी सातला ‘इयम् आकाशवाणी’ म्हणत संस्कृत वार्ता व्हायच्या आणि मग थोड्या वेळाने प्रादेशिक बातम्या. वडगावात मागाचा खडखडाट एवढा, की रेडिओ ऐकू येणे शक्यच नाही. त्या दहा मिनिटांसाठी माग बंद ठेवणारे विणकर मी पाहिले आहेत. मजुरी कापडाच्या वारावर, तरीही.

ही हौस नव्हती. आमच्या जिल्ह्यातले अथणी, रायबाग, चिक्कोडी हे तालुके कृष्णेच्या काठाला आहेत. कोयनेतून किती क्युसेक पाणी सोडले ही बातमी महाराष्ट्राची. ते पाणी पुढे शिरते आमच्या जिल्ह्यातल्या गावांत. २००५ आणि २०१९ चे पूर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. त्याआधी कितीतरी पावसाळे काठावरची माणसे जनावरे सोडायची की नाही ते या बातम्या ऐकून ठरवत. धरणाची पातळी सांगताना बाई आकडा सावकाश वाचायच्या, ‘फूट’वर क्षणभर थांबायच्या. का, असे एकदा विचारले तेव्हा म्हणाल्या, “ऐकणारा पेन्सिल शोधत असतो.”

आणि १९८६ चा जून. कन्नड सक्तीविरुद्ध आंदोलन पेटले, गोळीबार झाला, माणसे गेली. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर १ जूनला आजही लोक जमतात. त्या दिवसांत संचारबंदी होती, पेपर येत नव्हता, दारे लावून आवाज अगदी बारीक करून रेडिओ ऐकला जायचा. आमची बातमी त्या सकाळी बाईंनीच दिली. त्यांचे स्वतःचे भाऊ, भावजया, भाचरे याच गावात होती, कोण कुठे अडकले आहे याचा त्यांना पत्ता नव्हता. पण आवाज जराही हलला नाही. आधी विधानसभेची बातमी, मग बेळगावची, मग पावसाची. ऐकताना मला तेव्हा रागच आला होता. आपल्या गावाची बातमी आणि इतकी कोरडी? पुढे कधीतरी त्या म्हणाल्या, “माझा आवाज हलला असता, तर तुम्ही बातमीवर नाही, माझ्यावर विश्वास ठेवला असता. किंवा ठेवला नसता. दोन्ही वाईटच.”

महोदय, आजच्या वाहिन्यांवरचा आरडाओरडा ऐकणाऱ्या मुलांना मी हे सांगतो तेव्हा त्यांना ते खरेच वाटत नाही. ऐकवायला माझ्याकडे त्या सकाळचे बातमीपत्र असते, तर पटले असते.

बाई नैमित्तिक निवेदक होत्या. म्हणजे कायम नोकरी नाही, निवृत्तिवेतन नाही, महिन्यातल्या मोजक्या ड्युट्या आणि त्यांचे मानधन. पहाटेच्या ड्युटीला अंधारात घर सोडायचे, वृत्तसंस्थांकडून वायरवर आलेल्या इंग्रजी बातम्या मराठीत करायच्या, संपादकाच्या खुणांसह त्या सुवाच्य उतरवायच्या आणि वेळ झाली की स्टुडिओत बसायचे. या कामाचे बारकावे त्यांनी मला एकदा घरच्या जेवणाच्या टेबलावर दाखवले होते. पाने कधी टाचायची नाहीत. कागद मऊ हवा, करकरीत नको. वाचून झालेले पान उलटायचे नाही, तसेच डावीकडे सरकवायचे, नाहीतर सळसळ माइकमध्ये जाते. श्वास घ्यायचा तिथे लाल पेन्सिलीची तिरकी रेघ. शेवटच्या पानावर दोन जादा बातम्या तयार ठेवायच्या, मिनिटभर उरलेच तर. त्या रेघा ओढलेली चार पाने त्यांच्या कपाटात सापडली. त्यांच्या बातमीपत्रांपैकी एवढेच कागद उरले आहेत.

केंद्राकडे आवाज उरलेला नाही. त्या काळी बातम्या थेट वाचल्या जायच्या. फीत महाग, त्यामुळे ध्वनिमुद्रण झाले तरी थोड्या दिवसांत पुसून तीच फीत पुन्हा वापरायची. यात कुणा एकाचा दोष नाही, सगळीकडची तीच रीत होती. बाई हयात असताना त्यांच्या केंद्राकडे विचारणा केली होती. एकही बातमीपत्र मिळाले नाही आणि नैमित्तिक निवेदकांची जुनी यादीही मिळाली नाही.

आता हे बघा. कुमार गंधर्व आमच्या सुळेभावीचे, बेळगावपासून हाकेच्या अंतरावरचे. त्यांची आकाशवाणीवरची गाणी आज ऐकता येतात, कारण संगीत जपायचे असते हे आकाशवाणीला तेव्हाही कळत होते. नेत्यांची भाषणेही जपली गेली. बातमी मात्र संध्याकाळी शिळी होते म्हणून ती वाचणारा आवाजही शिळा धरला गेला. पण आमच्या भागातल्या दोन पिढ्या मराठी कशी बोलायची ते या आवाजांकडून शिकल्या. ज्यांना मराठी शाळा मिळाली नाही, त्या मुलांचीही ती शाळा होती. पुणे केंद्राच्या वृत्तनिवेदिका सुधा नरवणे यांचे नाव काढले की आजही आमच्याकडचे म्हातारे लोक खुर्चीत सरळ बसतात. ‘आपल्याला प्रादेशिक बातम्या देत आहे’ हे पाच शब्द ते हुबेहूब तशाच लयीत म्हणून दाखवतात.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आम्ही इथे पेढे वाटले. अभिजात म्हटल्यावर ताम्रपट आणि पोथ्या जपल्या जातील, जपल्याच पाहिजेत. विसाव्या शतकातली बोललेली प्रमाण मराठीही तेवढीच जपण्यासारखी आहे. ती ताम्रपटावर कोरलेली नाही, फितीवर होती, आणि फीत ताम्रपटाइतकी टिकत नाही.

प्रसार भारती कायदा १९९० चे कलम १२ आपल्याला ठाऊकच आहे. त्यात सीमाभागात, मागास आणि दुर्गम भागात राहणाऱ्यांची सेवा करणे हे प्रसार भारतीच्या उद्दिष्टांत लिहिले आहे. ध्वनी व चित्रसाहित्याचा संग्रह उभारून तो सांभाळण्याचे कामही त्याच कलमात आहे. मी वेगळे काही मागत नाही.

सदराबद्दलही थोडे लिहायला हवे, कारण बाईंची दुसरी बाजू तिथे दिसली. बातम्यांत त्यांनी आयुष्यभर दुसऱ्याचे वाक्य वाचले, सदरात त्या स्वतःचे बोलल्या. कणकुंबीच्या पावसावर आणि मलप्रभेच्या उगमावर त्यांनी लिहिले. खासदार बॅरिस्टर नाथ पै १९७१ च्या जानेवारीत बेळगावात भाषण करून गेले आणि काही तासांत याच गावात त्यांनी देह ठेवला, त्या सभेत मागच्या रांगेत बसलेल्या मुलीच्या नजरेतून तो लेख होता. तो मी आजही वाचू शकत नाही, अर्ध्यावर थांबतो. आणि धारवाडच्या कन्नड वृत्तनिवेदकांवर त्यांनी मनापासून कौतुकाचा लेख लिहिला होता. ‘शेजाऱ्याच्या बातम्याही ऐकाव्यात, त्याचे दुःख कळते,’ असे त्यात होते. काही वाचक रागावले. दोन रविवारी निषेधाची पत्रे छापून आली. बाईंनी तो लेख मागे घेतला नाही आणि पत्र पाठवणाऱ्यांपैकी एकाला चहाला बोलावले. सदराची कात्रणे आमच्याकडे वह्यांत चिकटवलेली आहेत. त्यांची काळजी आम्ही घेऊ. तुमच्याकडे आवाजाचे मागणे आहे.

२०२३ च्या जूनमध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून ते काम छत्रपती संभाजीनगरकडे देण्याचा निर्णय निघाला होता. महाराष्ट्रभरातून विरोध झाला आणि तत्कालीन मंत्री अनुराग ठाकूर यांनी त्याला स्थगिती दिली. त्याबद्दल आम्ही आपल्या मंत्रालयाचे ऋणी आहोत. पण असे काही पुन्हा ठरले आणि सामान हलवायची वेळ आली, तर जुन्या कपाटांतल्या फिती आणि रजिस्टरे आधी भंगारात जातील, ही धास्ती तेव्हापासून मनात आहे.

केंद्रांनी ठेवले नाही ते काही अंशी श्रोत्यांच्या घरात आहे. १९८० नंतर घरोघरी टू-इन-वन, म्हणजे टेपरेकॉर्डर असलेले रेडिओ, आले आणि लोक सकाळची भक्तिगीते टेप करू लागले. गाणे संपल्यावर बटण दाबायचे राहून जायचे आणि पुढच्या बातम्या आपोआप टेप व्हायच्या. माझ्याकडे अशी एक कॅसेट आहे. अभंग संपतो, बाईंचा आवाज येतो, ठळक बातम्या होतात, ऊसदराची एक बातमी होते आणि कोयनेच्या पातळीचे वाक्य अर्धे असतानाच फीत संपते. अशा कॅसेटी आणखी घरांतून नक्की आहेत. पण आमच्याकडच्या पावसाळी दमटपणात फितींना बुरशी धरते, थर एकमेकांना चिकटतात. एकदा ओढून तुटली की संपले.

म्हणून विनंती एवढीच. आकाशवाणीने आपल्याच बातमीपत्रांतून श्रोत्यांना आवाहन करावे, की जुन्या प्रादेशिक बातम्यांच्या कॅसेटी असतील तर आणून द्या. सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी आणि धारवाड इथल्या केंद्रांवर त्या स्वीकारून, स्वच्छ करून, डिजिटल करून मूळ कॅसेट मालकाला परत द्यावी. आमच्या माणसांना सांगलीपेक्षा धारवाड जवळ पडते, त्यामुळे धारवाडला मराठी कॅसेट घेतली जाईल एवढे स्पष्ट लिहून द्या. जमलेले आवाज कुणालाही विनामूल्य ऐकता येतील असे ठेवावेत, आणि प्रत्येक आवाजाखाली वाचणाऱ्याचे नाव असावे. कायम असो की नैमित्तिक. मानधनाच्या जुन्या रजिस्टरांत ही नावे सापडतील, रजिस्टरे अजून असतील तर.

माझ्या कॅसेटचे ध्वनिमुद्रण पेन ड्राइव्हवर घालून या पत्राच्या प्रतीसोबत पाठवत आहे. मूळ कॅसेट माझ्याकडे तांदळाच्या डब्यात, दमट हवेपासून दूर ठेवली आहे. आपले तंत्रज्ञ सांगतील त्या केंद्रावर ती मी स्वतः घेऊन येईन. बाईंच्या थोरल्या भाच्याकडे आणखी काही कॅसेटी आहेत, त्यांवर काय आहे ते अजून कुणी ऐकलेले नाही; चालवताना तुटतील म्हणून आम्ही हात लावलेला नाही. त्या कुठे द्यायच्या, तेवढे दिवाळीपूर्वी कळवावे.

आपला नम्र,
आकाशवाणीचा एक जुना श्रोता
टिळकवाडी, बेळगाव